आधी थोडे भरा

बँकेच्या नोकरीत माझ्या हातून किती स्लिपा गेल्या असतील याचा हिशेब कोणी ठेवत नाही, मीही ठेवला नाही. पण एक स्लिप अजून डोळ्यांपुढे येते. रक्कम साडेबारा हजार रुपये. खाते दिल्लीच्या एका शाखेतले, कुणा अनोळखी माणसाच्या नावाचे. आणि भरणाऱ्याची सही अशी सुरेख, वळणदार, की पाहताक्षणी कळावे, हा हात आयुष्यभर फळ्यावर चालला आहे.

हे २००९ सालच्या डिसेंबरातले. भंडारा जिल्ह्यातल्या एका शाखेत मी तेव्हा अधिकारी होतो. धान घरात आलेले, काहींचे विकून झालेले. काउंटरवर ही गर्दी! त्या गर्दीत गुरुजी रांगेत उभे होते. गुरुजी म्हणजे निवृत्त प्राथमिक शिक्षक. त्यांचे पेन्शनचे खाते आमच्याच शाखेत होते. आम्ही कोअर बँकिंगवर गेलो होतो, त्यामुळे इथे भरलेले पैसे क्षणात दिल्लीच्या खात्यात जमा होत. मी सहज विचारले, "कोणाला पाठवता, गुरुजी?" ते म्हणाले, "आहे एक काम, साहेब." मी शिक्का मारला.

तीन आठवड्यांनी ते पुन्हा आले. या वेळी अठ्ठावीस हजार. खाते निराळे, नाव निराळे. मी पुन्हा शिक्का मारला. तिसऱ्या वेळी मात्र ते दीड लाखाची मुदत ठेव मोडायला आले, तेव्हा मी त्यांना आत बोलावून बसवले. बरेच आढेवेढे घेऊन त्यांनी पिशवीतून प्लास्टिकच्या कव्हरात जपून ठेवलेले कागद काढले.

लंडनच्या कुठल्याशा लॉटरीत त्यांच्या ई-मेलच्या पत्त्याला पाच लाख पौंडांचे बक्षीस लागले होते. त्या वेळच्या भावाने जवळजवळ पावणेचार कोटी रुपये. हा ई-मेलचा पत्ता मुलाच्या नोकरीचे अर्ज भरण्यासाठी नेट कॅफेवाल्याने काढून दिलेला. दुसरा कागद रिझर्व्ह बँकेच्या नावाचा. त्यावर बोधचिन्ह, गोल शिक्का, मोठ्या साहेबाची सही. रक्कम भारतात पोचली आहे, 'क्लिअरन्स'चे शुल्क भरताच तुमच्या खात्यात जमा होईल, असा मजकूर.

मी हसलो. अगदी मोठ्याने हसलो. "गुरुजी, तुम्हीसुद्धा?" असे म्हणालो. चहा घेऊन आलेला शिपाई दारात उभा होता, तोही हसला.

गुरुजींनी कागद गोळा केले, कव्हरात घातले आणि ठेव न मोडता ते निघून गेले. एका म्हाताऱ्या माणसाची ठेव वाचवली या समाधानात मी त्या दिवशी घरी गेलो. पुढे उन्हाळ्यात कळले, की त्यांनी बाईंचे दागिने एका सावकाराकडे ठेवून पैसे उभे केले होते आणि ते दुसऱ्याच बँकेतून भरले होते. एकदा नव्हे, दोनदा. आमच्या शाखेत मात्र त्यानंतर ते फक्त पेन्शनपुरते येत, आणि माझ्याकडे न पाहता जात.

लोक अशा पत्रांना का फसतात, असा प्रश्न निघाला की दोन उत्तरे तयार असतात, लोभ आणि अडाणीपणा. पण ज्या माणसाने उभ्या आयुष्यात शेजाऱ्याच्या बांधावरचे बोरसुद्धा विचारल्याशिवाय तोडले नाही, त्याला लोभी कसे म्हणावे? आणि ज्याने दोन पिढ्यांना अंकगणित शिकवले, तो अडाणी कसा?

ही युक्ती काही इंटरनेटबरोबर जन्मलेली नाही. फ्रान्समध्ये एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात व्हिदोक नावाचा एक गृहस्थ होऊन गेला. आधी स्वतः गुन्हेगार, पुढे पॅरिसच्या गुप्त पोलिसांचा प्रमुख. तुरुंगातले कैदी श्रीमंतांना पत्रे पाठवत, त्याची हकीकत त्याने लिहून ठेवली आहे. राज्यक्रांतीच्या धामधुमीत धन्याची जडजवाहिराची पेटी अमुक जागी पुरली आहे, मी अडचणीत आहे, थोडे पैसे पाठवा म्हणजे जागा दाखवतो, असा त्या पत्रांचा मासला. त्यांना 'जेरुसलेमची पत्रे' म्हणत. शंभर पत्रांमागे विसांना उत्तर येई, असे तो सांगतो. पुढे हाच कैदी स्पेनच्या तुरुंगात गेला, आणि १९८० नंतरच्या काळात नायजेरियातल्या तेलखात्याचा अधिकारी झाला. त्या देशाच्या दंडसंहितेतील कलमावरून या धंद्याला 'चारशे एकोणीस' असे नावच पडले. आपल्याकडे 'चारसौबीस' म्हणतात, तसेच. कहाणी बदलते, मधले वाक्य तेवढे बदलत नाही. ते म्हणजे, आधी थोडे भरा.

या 'आधी थोडे भरा'चे आपल्या माणसाला आश्चर्य का वाटत नाही, हे मला गुरुजींच्याच एका वाक्याने शिकवले. त्या दिवशी, मी हसण्याच्या आधी, ते म्हणाले होते, "साहेब, माझी पेन्शन सुरू व्हायला अकरा महिने लागले. किती टेबलं फिरलो, कोणाकोणाले काय काय दिलं, मोजलं नाही. पण आली ना जी पेन्शन?"

तेव्हा मी ते ऐकलेच नाही. आता वाटते, सगळे मर्म त्यातच होते. हक्काचा पैसासुद्धा दूरच्या कार्यालयातून, न समजणाऱ्या भाषेतल्या कागदावर, पुष्कळ उशिरा आणि आधी काहीतरी भरल्यावरच येतो, हे या माणसाने अनुभवाने शिकलेले असते. आमच्याच जिल्ह्यातले गोसेखुर्द घ्या. धरणाचे भूमिपूजन राजीव गांधींच्या हस्ते १९८८ मध्ये झाले. प्रकल्पग्रस्तांसाठी विशेष पॅकेज जाहीर झाले २०१३ मध्ये. पंचवीस वर्षे! वैनगंगेकाठच्या त्या गावांतल्या माणसाला, दूर कुठेतरी आपल्या नावाची मोठी रक्कम अडकून पडली आहे आणि एक कागद कमी पडतो आहे, ही गोष्ट परीकथा वाटत नाही. ती त्याच्या घरातली गोष्ट असते.

आणि आम्ही बँकवाले? प्रोसेसिंग फी, मार्जिन मनी, नो ड्यूज, क्लिअरन्स हे शब्द त्या भामट्याने शोधून काढलेले नाहीत. ते आमचेच. कर्ज हवे तर आधी फी भरा, स्टॅम्प आणा, इथे सही करा, कशावर ते विचारू नका. इंग्रजी मजकूर आणि गोल शिक्का यांच्यापुढे मान तुकवायला आम्हीच लोकांना शिकवले. भामट्याने आमच्या कागदाची फक्त नक्कल केली.

रिझर्व्ह बँकेचा नियम खरे तर सरळ आहे. लॉटरीत भाग घेण्यासाठी परदेशी पैसे पाठवायला आपल्या कायद्यात बंदी आहे. मे २०१० मध्ये रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना परिपत्रक काढून बजावले, की असे 'शुल्क' गोळा करण्यासाठी ठिकठिकाणच्या शाखांमध्ये व्यक्तींच्या नावे खाती उघडली जात आहेत, सावध राहा. लोकांना वाटण्यासाठी आपण कोणाच्याही नावे रक्कम ठेवत नाही, हेही तिने वेळोवेळी जाहीर केले. ते परिपत्रक आमच्या शाखेत आले, तेव्हा गुरुजींच्या दोन्ही स्लिपा कधीच फायलीत गेल्या होत्या.

शिकल्या-सवरलेल्यांना हे कळायला हवे, असे म्हणणाऱ्यांसाठी एक दाखला देतो. ब्राझीलमध्ये बँको नोरोएस्ते नावाची बँक होती. तिच्या परदेशी व्यवहारांच्या संचालकाला नायजेरियातून निरोप आला, की राजधानी अबुजात नवा विमानतळ बांधायचा आहे, पैसे गुंतवा, तुम्हाला एक कोटी डॉलर दलाली मिळेल. १९९५ ते १९९८ या काळात त्या बँकेचे २४ कोटी २० लाख डॉलर या नसलेल्या विमानतळात गेले. बँक विकायला निघाली तेव्हा हिशेबातले भगदाड दिसले. मुख्य आरोपी इमॅन्युएल न्वुडेला २००५ मध्ये शिक्षा झाली. आमच्याच बिरादरीतला माणूस, हाताशी तज्ज्ञांची फौज, आणि तरी एक हप्ता भरल्यावर दुसरा भरावाच लागला. कारण थांबणे म्हणजे पहिला हप्ता बुडाला हे कबूल करणे. गुरुजींचे साडेबारा हजार आणि त्या साहेबाचे कोट्यवधी डॉलर यांत या बाबतीत काडीचा फरक नाही.

आणखी एक गोष्ट. ही पत्रे इतकी बाळबोध का असतात? मायक्रोसॉफ्टमधले संशोधक कॉर्मॅक हर्ली यांनी २०१२ मध्ये याचा उलगडा केला. पत्र मुद्दामच हास्यास्पद ठेवलेले असते. शंका घेणारे हसून ते फेकून देतात आणि भामट्याचा वेळ वाचतो. जो उत्तर देतो, तोच कामाचा. तांदळातले खडे वेचावेत तसे शहाणे आधीच वेचून बाहेर टाकले जातात. म्हणजे आपण हसतो, तेही त्याच्या हिशेबात धरलेले असते!

आता लंडनची लॉटरी मागे पडली. कौन बनेगा करोडपतीचे पंचवीस लाख व्हॉट्सॲपवर येऊ लागले. शेतात मोबाईल टॉवर लावू, महिना भाडे देऊ, आधी ना-हरकत प्रमाणपत्राचे शुल्क भरा, अशा जाहिराती निघाल्या. असे कोणतेही शुल्क आपण घेत नाही, हे दूरसंचार नियामकाला पुन्हा पुन्हा सांगावे लागले. आणि आपल्या भागातले गुप्तधन विसरू नका. पवनीसारख्या प्राचीन गावाच्या मातीत खरोखरच जुने अवशेष सापडलेले, त्यामुळे जमिनीखाली काही आहे या बोलण्याला मुळीच नकार मिळत नाही. हंडा दिसतो आहे, फक्त आधी पूजेचा खर्च करा! गुप्तधनाच्या नावाखाली होणाऱ्या अघोरी प्रकारांना महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरवले. पण पूजेचा खर्च देऊन गप्प बसलेली घरे पोलिसांत जात नाहीत. लोक काय म्हणतील?

आता माझी स्वतःची स्लिप. निवृत्तीनंतर, २०२३ साली, मला एक फोन आला. माझ्या एका जुन्या, बंद पडलेल्या विमा पॉलिसीचा बोनस साचला आहे म्हणे. बोलणाऱ्याला पॉलिसीचा नंबर ठाऊक होता, माझी जन्मतारीख ठाऊक होती. फाईल बंद व्हायच्या आत चार हजार आठशे पन्नास रुपये भरायचे. पॉलिसी खरी होती, मी हप्ते भरले होते, ती बंद पडल्याची रुखरुख मनात होती. विमा नियामक प्राधिकरण कोणाला फोन करून बोनस वाटत नाही, हे वाक्य मी स्वतः ग्राहकांना सांगितलेले. तरी मी मोबाईलवरून पैसे भरले. चौतीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाने.

दोन दिवसांनी पुन्हा फोन. आता तेवीस हजार सहाशे. मी फोन हातात घेऊन बसून राहिलो. खरे सांगतो, भरणार होतो. कारण न भरता घरात सांगायचे म्हणजे पहिल्या रकमेबद्दल सांगणे आले. त्या क्षणी मला ते प्लास्टिकचे कव्हर आठवले, आणि दारात चहाचा ट्रे घेऊन उभा असलेला शिपाई.

मी बायकोला हाक मारली. सगळे सांगितले. ती हसली नाही. "किती गेले?" एवढेच तिने विचारले, आणि "त्या नंबरवर फोन करा, टीव्हीवर सांगतात तो" म्हणाली. तो नंबर १९३०, सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे वाटेतच अडवता येण्याची शक्यता अधिक. मी दोन दिवस घालवले होते. पैसे परत आले नाहीत. पण तेवीस हजार सहाशे वाचले, ते पोलिसांनी नव्हे, बायकोच्या न हसण्याने वाचवले.

म्हणून वाचकहो, घरातल्या कोणी असे पत्र, असा मेसेज दाखवला तर पहिली पाच मिनिटे हसू नका, रागावू नका. तुमचे तोंड बंद झाले तरी चालेल, त्याचे बंद व्हायला नको. भामट्याला काळोख लागतो, आणि तो काळोख आपली थट्टा पुरवते.

गेल्या पावसाळ्यात मी गुरुजींच्या गावी गेलो. रोवणी चालू होती. गुरुजी आता खूप थकले आहेत, ओसरीत खाटेवर बसून असतात. बाईंनी चहा आणला. इतक्या वर्षांत त्या विषयावर आम्ही एक शब्द बोललो नव्हतो. मी त्यांना माझी हकीकत सांगितली, रकमेसकट. मग त्या दिवशी हसलो त्याबद्दल माफी मागितली.

गुरुजी बराच वेळ बांधीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "दुसऱ्यांदा भरले नाही ना, साहेब?"

"नाही."

"मग बरं झालं जी," ते म्हणाले, आणि बशी माझ्याकडे सरकवली.