पेन्शनच्या उंबरठ्याबाहेरचे सैनिक

तंजावूरहून पट्टुक्कोट्टैकडे जाताना ओरत्तनाडु लागते. सरफोजी दुसरे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेले मुक्तांबाळ छत्र तेथे आहे. 1799 च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. तरीही छत्रांची व्यवस्था आपल्याच हाती राहावी, म्हणून 1801 मध्ये सरफोजींनी इंग्रज रेसिडेंटला लिहिलेले पत्र इतिहासाच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. वाटसरू आजारी पडल्यास त्याला औषध, पथ्याचे अन्न आणि बरा होईपर्यंत आसरा देण्याचा रिवाज त्यात सांगितला आहे. छत्रांत पंगतीचा जातिभेद होताच, हे विसरता येत नाही; पण औषधासाठी आजारीपण पुरेसे होते.

छत्राजवळच्या चहाच्या टपरीवर एका निवृत्त हवालदारांची गाठ पडली. पुतण्या अग्निवीर आहे. त्याला आपल्यासारखे कार्ड मिळणार नाही हे खरे का, असे त्यांनी पलटणीतल्या हिंदीत विचारले. खरे आहे, असे मला सांगावे लागले.

1 एप्रिल 2003 रोजी सुरू झालेली माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना, म्हणजेच ईसीएचएस, मुळात दोन अटींवर उभी आहे: माजी सैनिकाचा दर्जा आणि पेन्शन. जवानाला पेन्शनसाठी साधारणतः पंधरा वर्षे सेवा करावी लागते. अग्निवीराची सेवा चार वर्षांची. त्यांपैकी जास्तीत जास्त पंचवीस टक्के पुढे कायम होतील; उरलेल्यांना पेन्शनही नाही, माजी सैनिकाचा दर्जाही नाही. सेवेमुळे अपंगत्व आल्यास एकरकमी भरपाई आहे. पण निवृत्तीनंतर काही वर्षांनी दुखू लागलेल्या गुडघ्याचे काय?

नियम करण्यातच माझी नोकरी गेली. कुठेतरी रेघ ओढावीच लागते, हे मला मान्य आहे. बिले थकली म्हणून खासगी रुग्णालये कार्डधारकांना परत पाठवतात, ही तक्रार असताना नवे सदस्य घेताना अर्थ खाते कचरणारच. मात्र पेन्शनची रेघ हिशेबासाठी ओढलेली आहे. शरीराने सोसलेल्या कष्टांशी तिचा संबंध नाही.

शिवाय ती पूर्वी एकदा पुसली गेली आहे. मार्च 2019 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने दुसऱ्या महायुद्धातील सैनिक, आणीबाणी व अल्पसेवा कमिशनचे अधिकारी आणि मुदतपूर्व निवृत्त यांना योजनेची दारे उघडली. अल्पसेवेच्या अधिकाऱ्यांनी एकरकमी वर्गणी भरायची होती. तीच वाट अग्निवीरांना का नसावी? 2017 च्या अखेरीस ठरलेल्या दराने जवानाची वर्गणी तीस हजार रुपये होते. योजना जाहीर करताना सरकारने सांगितलेला सेवानिधी सुमारे 11.71 लाखांचा आहे. त्यातून वर्गणी कापून घ्यावी, हवे तर दर वाढवावा, आणि निदान स्वतः सैनिकाला, कुटुंब वगळून, सदस्यत्व द्यावे.

पहिल्या तुकडीची चार वर्षे 2026 च्या अखेरीस पुरी होऊ लागतात. सेवानिधी एकदा हाती पडून घरबांधणीत वा बहिणीच्या लग्नात खर्च झाल्यावर वर्गणी मागून उपयोग नाही.