एसएमपीएस बदलण्याआधी : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

संगणक सुरूच होईनासा झाला, काम चालू असताना अचानक बंद पडू लागला किंवा कॅबिनेटला हात लावताच झिणझिण्या येऊ लागल्या, की दोष बहुधा एसएमपीएसच्या माथी मारला जातो. उलटपक्षी, त्याचा पंखा फिरताना दिसला की तोच एसएमपीएस निर्दोष ठरवला जातो. हे दोन्ही निष्कर्ष अपुऱ्या पुराव्यावर काढलेले असतात. भिंतीवरील सॉकेटमधून येणारा २३० व्होल्टचा प्रत्यावर्ती, म्हणजे सतत दिशा बदलणारा, विद्युतप्रवाह घेऊन त्यापासून १२, ५ आणि ३.३ व्होल्टचा दिष्ट, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा, प्रवाह तयार करणे हे एसएमपीएसचे काम असते, आणि ते काम प्रत्यक्ष भाराखाली कसे होते यावरूनच त्याची परीक्षा करता येते.

पंखा फिरतो म्हणजे एसएमपीएस ठीक आहे, हा सर्वांत घट्ट रुजलेला गैरसमज होय. मदरबोर्डला जोडल्या जाणाऱ्या २४ पिनांच्या कनेक्टरमध्ये हिरव्या रंगाची एक तार असते. ती काळ्या, म्हणजे ग्राउंडच्या, तारेशी जोडली गेली की एसएमपीएस सुरू होतो. दुरुस्ती करणारे तारेचा छोटा तुकडा लावून हीच चाचणी घेतात, परंतु तिच्यातून एवढेच कळते की सुरू होण्याची आज्ञा एसएमपीएसला समजते. भार जवळजवळ शून्य असताना थकलेला एसएमपीएसही १२ व्होल्ट व्यवस्थित दाखवतो आणि प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड पूर्ण क्षमतेने प्रवाह मागू लागले की कोलमडतो. इंटेलने १९९५ मध्ये मांडलेल्या एटीएक्स या मानकानुसार मुख्य विद्युतदाब ठरलेल्या मूल्यापासून ५ टक्क्यांहून अधिक ढळता कामा नये; १२ व्होल्टच्या बाबतीत ही मर्यादा ११.४ ते १२.६ व्होल्ट अशी होते. मोजणी संगणकावर जड काम चालू असताना मल्टिमीटरने केली तरच ती अर्थपूर्ण ठरते. त्यातही दिष्ट दाबावर उमटणारे सूक्ष्म तरंग, ज्यांची मर्यादा १२ व्होल्टवर १२० मिलिव्होल्ट आहे, साध्या मल्टिमीटरवर नीट दिसत नाहीत, त्यांना ऑसिलोस्कोप लागतो. म्हणून घरच्या पातळीवर सर्वांत खात्रीची चाचणी साधीच आहे: पुरेशा क्षमतेचा, चांगला चालणारा दुसरा एसएमपीएस काही दिवस लावून तोच त्रास पुन्हा होतो का, हे पाहणे.

पडद्यावर सॉफ्टवेअरने दाखवलेले आकडेही निर्णायक मानू नयेत, कारण ते मदरबोर्डवरील संवेदकाचे असतात आणि त्या संवेदकाचे वाचन चुकलेले असू शकते. तीच गोष्ट विंडोजच्या नोंदवहीतील ‘कर्नल-पॉवर ४१’ या नोंदीची. तिच्या नावात ‘पॉवर’ असल्यामुळे अनेकजण ती वाचताच नवा एसएमपीएस आणतात. वस्तुतः संगणक रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झाला, एवढेच ती सांगते. मग कारण वीज जाणे असो, प्रोसेसर तापणे असो वा सदोष मेमरी असो.

संगणक क्षणभर सुरू होऊन लगेच बंद पडतो, तेव्हा एसएमपीएस मेला असे समजणे अनेकदा त्याच्यावर अन्याय करणारे असते. चांगल्या एसएमपीएसमध्ये शॉर्ट सर्किट, अतिप्रवाह आणि अतिदाब यांपासून संरक्षण असते. मदरबोर्डवर किंवा एखाद्या कार्डात शॉर्ट झाला की तो जाणीवपूर्वक स्वतःला बंद करून घेतो, आणि बहुतेक वेळा मुख्य वीज काही काळ तोडल्याशिवाय पुन्हा सुरू होत नाही. अशा वेळी ग्राफिक्स कार्ड, डिस्क आणि यूएसबीची साधने एकेक करून काढून पाहिली तर खरा दोषी सापडण्याची शक्यता असते. काही नव्या एसएमपीएसमध्ये भार कमी असताना पंखा मुद्दामच थांबवलेला असतो, हेही लक्षात ठेवावे.

झिणझिण्यांचा प्रश्न थोडा सविस्तर पाहणे आवश्यक आहे, कारण जुन्या वायरिंगच्या आपल्याकडील असंख्य घरांत तो आढळतो आणि जिवाशी निगडित आहे. विद्युत गोंगाट गाळण्यासाठी एसएमपीएसच्या प्रवेशद्वारी दोन छोटे कपॅसिटर बसवलेले असतात, एक फेज आणि धातूचा डबा यांच्यामध्ये, दुसरा न्यूट्रल आणि डबा यांच्यामध्ये. सॉकेटला अर्थिंग असेल तर त्यांतून येणारा अत्यल्प प्रवाह जमिनीत निघून जातो. ते नसेल तर कॅबिनेट मुख्य दाबाच्या सुमारे निम्म्यावर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास, तरंगत राहते आणि बोटांना मुंग्या येतात. येथे एसएमपीएस बहुधा निरोगी असतो, बिघाड भिंतीत असतो. काही अत्यंत स्वस्त एसएमपीएसमध्ये हे कपॅसिटरच गाळलेले असतात, त्यामुळे तसा एसएमपीएस बसवल्यावर झिणझिण्या थांबतात आणि रोग बरा झाल्याचा भास होतो. अर्थिंग मात्र पूर्वीइतकेच नादुरुस्त असते, आणि ज्या दिवशी खरोखर फेजची तार डब्याला टेकेल त्या दिवशी वापरणाऱ्याला वाचवायला काहीच नसते. त्यामुळे अशा तक्रारीत प्रथम इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्यावे. धक्का जोराचा असेल तर प्लग काढून ठेवावा आणि अर्थिंगबरोबर एसएमपीएसही तपासून होईपर्यंत संगणक वापरू नये.

क्षमतेविषयीचे दोन गैरसमज एकमेकांच्या विरुद्ध टोकांना आहेत. ७५० वॅटचा एसएमपीएस सतत ७५० वॅट वीज खातो, हा पहिला. प्रत्यक्षात संगणक जेवढी शक्ती मागतो तेवढी, अधिक रूपांतरात वाया जाणारी, एवढीच वीज खर्च होते. लेबलावर ५०० वॅट लिहिले म्हणजे तेवढी शक्ती हवी तेथे मिळते, हा दुसरा. आजचे प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डे आपली जवळजवळ सारी शक्ती १२ व्होल्टवरून घेतात. लेबलावर त्या दाबासमोर १८ अँपिअर लिहिले असेल तर मिळणारी शक्ती २१६ वॅटच भरते, मग डब्यावर मोठ्या अक्षरांत काहीही छापलेले असो. खेळ सुरू केला की संगणक बंद पडत असेल, तर एसएमपीएस बिघडलेला नसून अपुरा असण्याचीही शक्यता असते. ‘८० प्लस’ हे प्रमाणपत्र रूपांतराची कार्यक्षमता सांगते. टिकाऊपणाची किंवा संरक्षणाची हमी त्यात नसते.

वयाची सरसकट मर्यादा घालणेही योग्य नाही. एसएमपीएसमध्ये सहसा आधी थकतात ते द्रवयुक्त इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, आणि तापमान दर १० अंश सेल्सिअसने वाढले की त्यांचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा अभियंत्यांचा ढोबळ नियम आहे. धूळ साचलेल्या, भिंतीला टेकलेल्या कॅबिनेटमधील एसएमपीएस त्यामुळे लवकर म्हातारा होतो. याचे एक लक्षण यूपीएस असलेल्या घरांत दिसते. वीज गेल्यावर यूपीएस बॅटरीवर येण्यास काही मिलिसेकंद लागतात आणि तेवढा वेळ एसएमपीएसमधील मोठा कपॅसिटर संगणकाला तगवतो; त्याची धारकता घटली की बॅटरी उत्तम असूनही संगणक त्या क्षणी बंद पडतो, आणि बॅटरी विनाकारण बदलली जाते.

जळका वास, जाळीतून दिसणारे फुगलेले कपॅसिटर, अडकलेला पंखा किंवा भाराखाली मर्यादेबाहेर गेलेला दाब यांपैकी काहीही आढळले तर मात्र विलंब न करता एसएमपीएस बदलावा, कारण तो जाताना मदरबोर्ड आणि डिस्कही सोबत नेऊ शकतो. डबा उघडून आत डोकावण्याचा मोह टाळावा. प्लग काढल्यानंतरही आतील मुख्य कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टहून अधिक दाब काही काळ राहू शकतो. सुट्या तारांचा, म्हणजे मॉड्युलर, एसएमपीएस बदलताना जुन्या तारा तशाच ठेवू नयेत, कारण एसएमपीएसच्या बाजूच्या पिनांच्या रचनेला सर्वमान्य मानक नाही, आणि हुबेहूब बसणारी जुनी तार ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट पोहोचवून डिस्क कायमची निकामी करू शकते.