अश्रुकोशाच्या नासामार्गे शस्त्रक्रियेतील रक्तस्राव

डोळ्यातील अश्रू आतील कोपऱ्याजवळच्या अश्रुकोशात जमतात व तेथून एका नलिकेवाटे नाकात उतरतात. ही नलिका बुजल्यास डोळा सतत पाझरतो आणि कोशात पू साचतो. सुश्रुतसंहितेत नेत्रसंधीच्या रोगांत वर्णिलेला ‘पूयालस’ बहुधा हाच विकार असावा. या पुवातील जंतू डोळ्याच्या आत शिरल्यास मोतीबिंदूची शस्त्रक्रिया उत्तम होऊनही दृष्टी जाऊ शकते. म्हणून तिच्यापूर्वी अश्रुमार्गात पिचकारीने पाणी सोडून तो मोकळा असल्याची खात्री करण्याचा प्रघात भारतात आहे. मोतीबिंदूचे ग्रामीण रुग्ण जेथे येतात, त्या जालन्याच्या श्री गणपती नेत्रालयासारख्या रुग्णालयांना या विकाराकडे दुर्लक्ष करता येत नाही.

कोश व नाक यांमधील हाड काढून अश्रूंना नवी वाट करून देणे, हा यावरील उपाय होय. कॉल्डवेल यांनी १८९३ मध्ये वर्णिलेली नाकातून करावयाची पद्धत आतील भाग नीट दिसत नसल्याने मागे पडली व तोती यांची त्वचेला छेद देण्याची पद्धत (१९०४) रूढ झाली. एंडोस्कोपमुळे १९८९ नंतर जुन्या मार्गाचे पुनरुज्जीवन झाले. त्यात चेहऱ्यावर व्रण राहत नाही.

मात्र नाकाच्या श्लेष्मकलेला अंतर्गत व बाह्य अशा दोन्ही ग्रीवा रोहिण्यांच्या शाखांतून भरपूर रक्त मिळते. मोठ्या जखमेत नगण्य ठरणारा रक्ताचा एक थेंबही येथे एंडोस्कोपची काच झाकून टाकतो. मग हाड अपुरे निघते, छिद्र लहान राहते व व्रणतंतूंनी पुन्हा बुजते. क्वचित नेत्रखाचेस इजा होते.

यावरील तयारी आधीच सुरू होते. रक्तदाब आटोक्यात आणतात. ॲस्पिरीनसारखी औषधे थांबवावयाची की नाही हे हृदयरोगतज्ञाच्या सल्ल्यानेच ठरवितात, कारण ती परस्पर बंद करणे रक्तस्रावाहून घातक ठरू शकते. शस्त्रक्रियेच्या वेळी डोक्याकडची बाजू सु. १५–२० अंश उचलल्याने नीलांतील दाब उतरतो. झायलोमेटाझोलीन किंवा ॲड्रेनॅलिनात भिजविलेल्या पट्ट्या नाकात ठेवतात आणि लिग्नोकेनाबरोबर विरल ॲड्रेनॅलीन (१ : १,००,००० किंवा १ : २,००,०००) टोचतात. वाहिन्या आकुंचित होण्यास काही मिनिटे लागतात. ती न थांबता छेद घेणे ही घाई महाग पडते. हृदयविकार असल्यास ॲड्रेनॅलिनाची मात्रा जपून ठरवावी लागते. पूर्ण भूल दिल्यास शिरेतून दिलेल्या प्रोपोफॉलने रक्तदाब व नाडीचा वेग बेताचा ठेवता येतो. ओकामोटो दांपत्याने जपानात शोधलेले ट्रॅनेक्झॅमिक अम्ल (१९६२) रक्ताची गुठळी विरघळू देत नाही, तेही वापरतात. शस्त्रक्रियेनंतर काही दिवस नाक जोराने शिंकरण्यास मनाई असते.