दोन वाक्यांची माणसं

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

रेडिओसाठी मी बरीच वर्षं नभोनाट्यं लिहिली. नभोनाट्यात 'शिपाई', 'वाटसरू', 'पहिला गावकरी' अशी माणसं असतात. त्यांच्या वाट्याला दोन वाक्यं येतात, फार तर तीन. एकदा ध्वनिमुद्रणाच्या आधी 'शेजारीण' ही भूमिका करणाऱ्या बाई माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "या शेजारणीला मूलबाळ आहे का हो? नाही, 'तुमचा मुलगा सापडला' हे वाक्य म्हणताना दम कुठे घ्यायचा ते ठरवायचंय." मला उत्तर देता आलं नाही. शेजारीण मी निर्माण केली होती ती निरोप आणण्यापुरती. निरोप देऊन ती दाराबाहेर गेली, की माझ्या लेखी संपली.

आजचा विषय वरवर हलकाफुलका वाटेल. 'स्टार वॉर्स' या अमेरिकन विज्ञानपटांच्या मालिकेतली अशी दोन-दोन वाक्यांची माणसं पुढे कादंबऱ्यांत, कॉमिक्समध्ये, खेळांत आणि टीव्हीवर कशी वाढत गेली, हा तो विषय. मूळ गोष्टीतून निघालेल्या अशा निर्मितीला इंग्रजीत स्पिन-ऑफ म्हणतात. मी आपलं साधं म्हणतो, गोष्टीला फुटलेले फाटे. 'फाटे फोडणं' याला मराठीत जरा वाईट अर्थ चिकटलेला आहे. तो तसाच राहू द्या.

ज्यांनी हे चित्रपट पाहिले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जॉर्ज लुकसचा पहिला चित्रपट १९७७ साली आला. दूरच्या आकाशगंगेत एक जुलमी साम्राज्य आहे, त्याविरुद्ध लढणारे बंडखोर आहेत आणि वाळवंटी ग्रहावर काकांच्या शेतावर राबणारा ल्यूक नावाचा पोरगा आहे. मी तो पाहिला व्हिडिओ कॅसेटवर, माझ्या भाच्याबरोबर. त्यात मॉस आयझली नावाच्या बंदरातल्या एका दारूच्या गुत्त्याचा प्रसंग आहे. काही मिनिटांचाच. कॅमेरा फिरतो आणि दिसतात नाना तऱ्हेचे मुखवटे. कुणाला शिंगं, कुणाचे डोळे माशीसारखे, कुणाचं डोकं हातोड्यासारखं आडवं. भाचा सारखा कॅसेट मागे घेऊन विचारायचा, "मामा, हा कोण?" मी म्हणायचो, "गिऱ्हाईक."

अमेरिकेत हाच प्रश्न लाखो मुलांनी विचारला, आणि त्याचं पहिलं उत्तर दिलं खेळण्यांच्या कारखान्याने. केनर कंपनीने या गिऱ्हाइकांच्या छोट्या बाहुल्या बाजारात आणल्या. बाहुली विकायची तर पाकिटावर नाव हवं, म्हणून हातोडेडोक्या झाला 'हॅमरहेड' आणि दुसरा झाला 'वॉलरस मॅन'. 'स्नॅगलटूथ' नावाच्या प्राण्याची तर गंमतच झाली. कारखान्याकडे त्याचा कमरेवरचा कृष्णधवल फोटो तेवढा होता. त्यावरून त्यांनी निळ्या कपड्यांतला उंच गडी बनवला. प्रत्यक्षात तो होता बुटका आणि लाल कपड्यांतला. चूक पुढे दुरुस्त झाली. पण तो निळा उंच स्नॅगलटूथ आज संग्राहकांच्या जिवाचा तुकडा आहे. फाट्यांचा स्वभाव इथेच कळतो. त्यांना मूळ जागा थोडीशीच दिसलेली असते, उरलेली ते अंदाजाने भरतात, आणि कधीकधी लोकांचा जीव त्या अंदाजावरच जडतो.

दुसरं उत्तर आलं एका खेळातून. वेस्ट एंड गेम्स या कंपनीने १९८७ साली स्टार वॉर्सवर आधारित भूमिका-खेळ काढला. पाच-सहा मित्र टेबलाभोवती बसतात, प्रत्येक जण एक पात्र घेतो, फासे टाकत सगळे मिळून गोष्ट रचतात. असा खेळ चालवायचा तर गुत्त्यातल्या प्रत्येक गिऱ्हाइकाचं नाव, गाव, जात, धंदा लिहून ठेवावा लागतो; न जाणो, खेळणारा कुणाशी बोलायला जाईल! या माहिती-पुस्तिका इतक्या बारकाईने लिहिलेल्या होत्या, की टिमथी झान या लेखकाला नव्या कादंबऱ्या लिहायचं काम मिळालं तेव्हा लुकसफिल्मने त्याला संदर्भासाठी याच पुस्तिका पाठवल्या. त्याची पहिली कादंबरी १९९१ साली आली आणि तिथून पुस्तकांची रांगच लागली.

त्यातलं १९९५ सालचं एक पुस्तक मला फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर मिळालं. केव्हिन अँडरसन यांनी संपादित केलेलं, त्या गुत्त्यातल्या गिऱ्हाइकांच्या कथांचं. त्यात तो हातोडेडोक्या भेटला. त्याचं नाव मोमॉ नॅडॉन. झाडांना देव मानणाऱ्या लोकांचा हा पुजारी. साम्राज्याची तोफ आपल्या जंगलावर रोखलेली पाहून त्याने आपल्या लोकांचं गुपित देऊन टाकलं. जंगल वाचलं, पण लोकांनी त्यालाच हद्दपार केलं. आता तो वाळवंटात चोरून बाग जोपासतो. ते वाचल्यावर मी चित्रपटातला प्रसंग पुन्हा पाहिला. तो मुखवटा तोच होता, बसलाही होता तसाच. पण आता तो मला 'गिऱ्हाईक' वाटेना.

सगळंच असं चांगलं नव्हतं, हेही सांगायला हवं. १९८० सालच्या दुसऱ्या चित्रपटात, ढगांतलं शहर सोडून लोक पळतात तेव्हा एक माणूस बगलेत काहीतरी घेऊन धावताना दिसतो. ती वस्तू म्हणजे चक्क आइस्क्रीम बनवायचं घरगुती यंत्र! हाताला लागलेलं सामान. हा माणूस पडद्यावर जेमतेम दोन-तीन सेकंद आहे. पुढे पत्त्यांच्या एका खेळाने त्याला विलरो हूड हे नाव दिलं. मग त्या यंत्रात बंडखोरांची गुप्त माहिती असल्याचं ठरलं. त्यानंतर २०१९ साली 'द मँडलोरियन' मालिकेत तशाच आकाराचा डबा मौल्यवान धातू ठेवायची तिजोरी म्हणून आला. हसू येतं, चिडही येते. आइस्क्रीमच्या यंत्राला आइस्क्रीमचं यंत्र राहू द्यायला काय हरकत होती?

याउलट रेडिओने काय केलं पाहा. हे सांगताना माझा पक्षपात होईल, पण इलाज नाही. लुकसने रेडिओ-नाट्याचे हक्क आपल्या जुन्या विद्यापीठाच्या नभोवाणी केंद्राला एका डॉलरला दिले. १९८१ साली अमेरिकेच्या सार्वजनिक रेडिओवर पहिल्या चित्रपटाचं तेरा भागांचं नाट्यरूप झालं. लिहिलं होतं ब्रायन डेली यांनी. चित्रपट दोन तासांचा, नाट्य जवळजवळ सहा तासांचं. वाढलेल्या चार तासांत काय घातलं? त्यातला काही वेळ मिळाला बिग्ज नावाच्या माणसाला. चित्रपटात बिग्ज शेवटच्या हवाई हल्ल्यात दिसतो आणि मरतो. ल्यूकला धक्का बसतो, पण प्रेक्षकाला नीट कळत नाही की एवढा का. कारण असं, की दोघं लहानपणापासूनचे मित्र, बिग्ज गाव सोडून गेला आणि आपण बंडखोरांना मिळणार हे त्याने फक्त ल्यूकला सांगितलं. हे प्रसंग चित्रित झाले होते, पण कापले गेले. चित्रपटाच्या आधी, १९७६ च्या अखेरीस निघालेल्या कादंबरीत मात्र ते राहिले. रेडिओने ते पहिल्याच भागात घेतले. मग हल्ल्याच्या वेळी हेडफोनच्या खरखरीत बिग्जचा आवाज तुटतो, तेव्हा ऐकणाऱ्याला तो आवाज ओळखीचा असतो. इथे फाट्याने नवं काही घुसडलं नाही, कात्रीने नेलेलं परत आणलं.

आता बोबा फेट. याच्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. सुपारी घेऊन माणसं पकडणारा, चिलखत घातलेला, चेहरा कधीच न दाखवणारा. १९८० च्या चित्रपटात त्याला मोजून चार वाक्यं आहेत. त्याची बाहुली मात्र त्याआधीच, १९७९ साली, पाकिटांवरचे पुरावे कापून पाठवणाऱ्या मुलांना टपालाने घरपोच मिळाली होती. १९८३ च्या चित्रपटात तो वाळूतल्या एका अजस्र तोंडात पडून मेला, तेही ओशाळवाण्या रीतीने. पोरांना ते पटेना. मग १९८४ च्या एका कॉमिकमध्ये तो बाहेर आला आणि त्याच अंकात परत आत पडला. पुढे 'डार्क एम्पायर' या कॉमिकने त्याला कायमचं बाहेर काढलं. त्यानंतर कादंबऱ्या आल्या, २००२ च्या चित्रपटात बालपण आलं, बाप आला.

यात एक गोष्ट मला लागली, ती आवाजाची. बोबाला जेरेमी बुलॉक यांनी देह दिला होता आणि जेसन विंग्रीन या नटाने आवाज. विंग्रीन यांचं नाव श्रेयनामावलीत नव्हतं. २००२ मध्ये बोबाच्या बापाचं काम टेम्यूएरा मॉरिसन यांनी केलं, आणि बोबा हा त्या बापाचा हुबेहूब क्लोन ठरला. म्हणजे आवाज सारखा हवा! म्हणून २००४ च्या डीव्हीडीत विंग्रीन यांची चारही वाक्यं पुसून मॉरिसन यांच्या आवाजात पुन्हा भरली. तर्क बिनचूक आहे. पण चार वाक्यांच्या माणसाकडून तीही काढून घेतली, आणि ती त्याच्याच गोष्टीला फुटलेल्या फाट्याने. माझ्यासारख्या आवाजावर पोट भरलेल्या माणसाला हे विसरता येत नाही.

शेवटी २०२१ च्या डिसेंबरात बोबाच्या नावाची सात भागांची मालिका आली. त्यात तो शिरस्त्राण काढतो, भरपूर बोलतो, नगराचा कारभार बघतो. मॉरिसन चांगले नट आहेत. तरीही पाहताना मला वाटत राहिलं, की या माणसाच्या गप्प राहण्यात जे होतं ते आता उरलं नाही. तो कसा वाचला, चिलखत कसं मिळवलं, स्वार कशावर होतो, सगळ्याची उत्तरं मिळाली. जन्मदाखला, रहिवासी दाखला, सगळे कागद पूर्ण!

आता भाच्याकडे येतो. त्याचं दैवत बोबा नव्हतं, वेज होता. वेज अँटिलीज हा बंडखोरांचा वैमानिक, तिन्ही जुन्या चित्रपटांत लढून जिवंत राहिलेला. १९७७ मध्ये तो इतका किरकोळ होता, की बैठकीच्या प्रसंगात वेज म्हणून एक नट बसलाय, विमानात दुसरा, डेनिस लॉसन, आणि आवाज तिसऱ्याचाच. पण मायकेल स्टॅकपोल आणि ॲरन ऑलस्टन यांनी १९९६ पासून वैमानिकांच्या तुकडीवर दहा कादंबऱ्या लिहिल्या, त्यांत वेजला घडवलं. मित्र गमावलेला, बढती टाळणारा, कंटाळला तरी विमानात चढणारा. पुढच्या पुस्तकांत त्याचं लग्न झालं, दोन मुली झाल्या. भाच्याने कॉलेजची चार वर्षं या पुस्तकांवर काढली.

२०१२ साली डिस्ने कंपनीने लुकसफिल्म विकत घेतली आणि एप्रिल २०१४ मध्ये जाहीर केलं, की नवे चित्रपट करायला मोकळीक हवी म्हणून आजवरच्या कादंबऱ्या आणि कॉमिक्स यापुढे 'दंतकथा' समजाव्यात. खरा इतिहास तेवढा चित्रपटांचा आणि मोजक्या मालिकांचा. भाच्याचा पुण्याहून फोन आला, "मामा, वेजचं लग्नच झालं नव्हतं म्हणे!" आम्ही दोघं हसलो. पण हसताना त्याचा आवाज काही बरोबर नव्हता. पुढे नव्या पुस्तकांत वेजचं लग्न लागलं, दुसऱ्याच बाईशी.

आपल्याकडे उपकथानकांचं वेड जुनंच आहे. रामायणाने ऊर्मिलेला मागे ठेवलं, म्हणून मैथिलीशरण गुप्तांनी 'साकेत'मध्ये तिला पुढे आणलं. कीर्तनकार उत्तररंगात कुठल्या तरी दासीला बोलतं करतात. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही, आणि उद्या कुणी येऊन 'हे घडलंच नव्हतं' असं पत्रकही काढू शकत नाही. फार तर श्रोते उठून जातील. स्टार वॉर्सची माणसं मात्र मालकीची आहेत. वाचकाने त्यांच्यावर वीस वर्षं माया केली, तरी सातबारा कंपनीच्या नावावर. पुसण्याचा तिचा हक्क मी नाकारत नाही. तेवढ्या पुस्तकांचा गुंता सांभाळत नवा चित्रपट लिहिणं अशक्यच होतं. जुनी पुस्तकंही 'दंतकथा' असा शिक्का मारून छापली जातात, जाळली नाहीत कुणी. तरीपण.

आणि त्याच कंपनीच्या काळात या साऱ्यातलं मला सर्वांत आवडलेलं काम झालं, हेही प्रामाणिकपणे सांगतो. १९८३ च्या चित्रपटात मॉन मोथ्मा नावाची बंडखोरांची पुढारी बाई आहे. कॅरोलाइन ब्लॅकिस्टन यांनी केलेलं काम. पांढरा झगा, आखूड केस. हल्ल्याची योजना सांगते आणि ही माहिती मिळवताना आपले पुष्कळ लोक मेले एवढं म्हणते. बस्स, एक प्रसंग. २००५ च्या चित्रपटासाठी जेनेव्हीव्ह ओरायली यांनी तरुण मॉन मोथ्मा केली, पण त्यांचे जवळजवळ सगळे प्रसंग कापले गेले. अकरा वर्षांनी 'रोग वन'मध्ये त्यांना परत बोलावलं, आणि २०२२ मध्ये 'अँडॉर' या मालिकेत ही बाई खऱ्या अर्थाने भेटली.

इथे ती राजधानीतली सिनेटर आहे. वर मेजवान्या, खाली बंडाला चोरून पैसा. हिशेबात चार लाखांची तूट निघते. ती बुजवू शकणारा सावकार पैसे मागत नाही. त्याच्या चौदा वर्षांच्या मुलाची आणि हिच्या मुलीची भेट घडवावी, एवढंच मागतो. हिच्या देशात लहान वयात लग्नं जुळवण्याची जुनी रीत आहे. हिला स्वतःला त्या रीतीने बांधलं होतं, आणि मुलगी मात्र त्याच रीतीवर भाळलेली. २०२५ च्या दुसऱ्या पर्वात ते लग्न लागतं. पैशाचं गुपित जाणणारा बालमित्र डोईजड होऊ लागलाय आणि त्याचा काटा काढला जाणार, हे तिला उमगतं. वऱ्हाड नाचतंय. ती प्याला संपवते आणि नाचात शिरते, आणि नाचतच राहते. मालिकेने तिला वंशावळ दिली नाही, झग्याचा इतिहास दिला नाही. तिला निवड करायला लावली आणि त्याची किंमत तिच्या घरातून वसूल केली.

मालिका संपल्यावर मी १९८३ चा तो प्रसंग पुन्हा लावला. ब्लॅकिस्टनबाईंना यातलं काहीच ठाऊक असणं शक्य नव्हतं. ना मुलगी, ना सावकार, ना तो मित्र. त्यांना कागदावर काही ओळी मिळाल्या होत्या. मेलेल्या माणसांचा उल्लेख येतो तिथे त्यांचा आवाज जरा खाली उतरतो, आणि त्या दम घेतात.