फिनलंडचें एक वर्ष : सन १९५२

शाळेंतील इतिहासाच्या पुस्तकांत राष्ट्राचें वृत्त शतकांच्या हिशेबानें सांगितलेलें असतें. एखाद्या देशाचें एकच वर्ष घेऊन त्यांतील राजकारण, कला व खेळ हीं एकत्र पाहण्याचा प्रसंग विद्यार्थ्यांस क्वचितच येतो. तसा प्रयत्न फिनलंड देशाच्या सन १९५२ या सालाविषयीं येथें करावयाचा आहे. हेंच साल कां निवडलें, असें कोणी विचारील, तर त्याचें उत्तर असें कीं, या एका वर्षांत त्या लहानशा देशानें युद्धाची खंडणी पुरती फेडली, व त्याच वर्षीं सर्व जगास आपल्या दारीं पाहुणा म्हणून बोलाविलें. दोन्ही कामें एकदमच अंगावर घेणें श्रीमंतांसहि जड जातें. आणि फिनलंड तेव्हां श्रीमंत मुळींच नव्हता.

यूरोपच्या नकाशांत अगदीं उत्तरेस, रशिया व स्वीडन यांच्यामध्यें हा सरोवरांचा व अरण्यांचा मुलूख आहे. त्या वेळीं त्याची लोकसंख्या सुमारें चाळीस लाख होती. १९१७ पर्यंत तो रशियाच्या झारच्या अमलाखालीं होता. पुढें १९३९ च्या हिंवाळ्यांत रशियानें त्याजवर स्वारी केली, आणि १९४१ पासून १९४४ पर्यंत पुन्हां युद्ध झालें. या दुसऱ्या वेळीं फिनलंड जर्मनीच्या बाजूस राहून लढला; त्याची किंमत त्यास भरावी लागली. सुमारें एकदशांश भूमि गेली, वीपुरी हें मोठें शहर गेलें, आणि कारेलिया प्रांतांतील चार लाखांहून अधिक माणसें घरदार सोडून उरलेल्या देशांत आलीं. राजधानी हेलसिंकीच्या पश्चिमेस अगदीं जवळ असलेला पोर्कला हा भाग रशियास आरमारी तळासाठीं पट्ट्यानें द्यावा लागला. त्या मुलखांतून जाणाऱ्या आगगाडीच्या खिडक्या बाहेरून झांकून घेत असत. आपल्याच देशांतून प्रवास करणाऱ्या उतारूस आपलाच देश पाहण्याची मनाई होती.

याशिवाय तीस कोटि डॉलरांची खंडणी ठरली. ती रोकड द्यावयाची नसून मालाच्या रूपानें द्यावयाची होती, आणि मालाची किंमत १९३८ सालच्या भावानें धरावयाची होती. माल वेळेवर न पोंचल्यास दरमहा शेंकडा पांच दंड. फिनलंड हा लाकडाचा देश, तेव्हां त्यानें लाकूड तोडून दिलें असेल व सुटका झाली असेल, असें वाचकांस वाटेल. पण खरी मेख येथेंच आहे. लाकूड व कागद यांचा वाटा सुमारें एकतृतीयांशच होता. बाकी सारी मागणी यंत्रें, जहाजें, आगगाडीचीं इंजिनें, विजेच्या तारा, अशा जिनसांची होती. आणि असला माल एवढ्या प्रमाणांत करणारे कारखाने त्या देशांत नव्हतेच. म्हणजे ऋण फेडण्यासाठीं आधीं कारखाने उभारावयाचे, कामगार शिकवून तयार करावयाचे, व मग त्या कारखान्यांतून निघालेला माल सरहद्दीपलीकडे धाडावयाचा. मुदत प्रथम सहा वर्षांची होती, ती पुढें आठ वर्षांची झाली. १९४८ सालीं रशियानें राहिलेल्या रकमेंत सूटहि दिली. शेवटची गाडी १९५२ च्या सप्टेंबरच्या १८ तारखेस वाइनिकला येथील सरहद्द ओलांडून गेली. आश्चर्य असें कीं, या जुलमाच्या कामांतूनच पुढें त्या देशाचा जहाजें बांधण्याचा धंदा वाढीस लागला. आणि काल सक्तीनें माल नेणारा शेजारी उद्यां पैसे मोजून तोच माल नेऊं लागला.

या काळीं अध्यक्षपदावर पासिकिवी हे गृहस्थ होते. वयानें ८१ वर्षांचे, व रशियाशीं वाटाघाटी करण्यांत केस पांढरे झालेले. देशाचा भूगोल कोणासहि बदलतां येत नाहीं, शेजारी कसाहि असला तरी त्याच्याशीं निभावूनच राहिलें पाहिजे, असें त्यांचें मत होतें. मुख्य प्रधान केक्कोनेन हेहि त्याच विचाराचे. १९५२ च्या जानेवारींत त्यांनीं लिहिलेलें एक भाषण, आजारामुळें तें अंथरुणास खिळल्यानें, सभेंत व्हावयाचें तें वर्तमानपत्रांतच छापून आलें. उत्तरेकडील सर्वच देशांनीं तटस्थ राहावें, अशी त्यांत सूचना होती. लोकांनीं विनोदानें त्यास ‘पायजम्याच्या खिशांतील भाषण’ असें नांव दिलें, आणि भाषणापेक्षां नांवच अधिक लक्षांत राहिलें. त्याच वर्षाच्या जुलैपासून स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क व फिनलंड यांच्या नागरिकांस एकमेकांच्या देशांत पासपोर्टावांचून जातां येऊं लागलें. एका बाजूस झांकलेल्या खिडक्या व दुसऱ्या बाजूस उघडलेलें दार, अशी ही स्थिति होती.

आतां खेळांकडे वळूं. हेलसिंकीचें क्रीडांगण १९३८ सालींच तयार झालें होतें. १९४० चे ऑलिंपिक सामने जपाननें सोडल्यावर ते हेलसिंकीकडे आले, पण युद्धामुळें झालेच नाहींत. १९३६ सालीं बर्लिन येथें पांच हजार मीटरांची शर्यत जिंकणारा गुन्नार होकर्ट हा धांवपटु १९४० च्या फेब्रुवारींत रणांगणावर पडला. म्हणून १९ जुलै १९५२ रोजीं सामन्यांचा आरंभ झाला, तेव्हां त्या लोकांच्या मनांत बारा वर्षांची वाट पाहणें सांठलेलें होतें. त्या दिवशीं पाऊस मुसळधार पडत होता. ज्योत घेऊन शेवटीं कोण येणार, हें गुप्त ठेविलें होतें. दारांतून एक टक्कल पडलेला, ५५ वर्षांचा मनुष्य धांवत आंत आला, आणि त्याची ती ठराविक चाल पाहतांच सर्व क्रीडांगण गर्जून उठलें. तो पावो नुर्मी होता. नऊ सुवर्णपदकें मिळविणाऱ्या या धांवपटूस १९३२ सालीं, धांवण्याबद्दल पैसे घेतल्याच्या आरोपावरून, ऑलिंपिकचे दरवाजे बंद झाले होते. वीस वर्षांनीं त्याच्याच हातांनीं ज्योत पेटली. मनोऱ्यावरील ज्योत त्याच्याहूनहि वडील अशा हानेस कोलेमाइनेन यानें पेटविली. हा मनोरा ७२.७१ मीटर उंच आहे. १९३२ सालीं मात्ती यार्विनेन यानें सुवर्णपदक मिळवितांना भाला तितक्याच अंतरावर फेंकला होता.

रशियाचे खेळाडू या सामन्यांत प्रथमच उतरले, व इतरांपासून दूर, ओतानिएमी येथें राहिले. सामन्यांचा खरा नायक मात्र चेकोस्लोव्हाकियाचा झातोपेक ठरला. पांच हजार मीटर, दहा हजार मीटर व मॅरॅथॉन या तिन्ही शर्यती त्यानें जिंकल्या. यजमानांस धांवण्यांत एकहि सुवर्णपदक मिळालें नाहीं, ही नुर्मीच्या देशास बोंचणारी गोष्ट होती. त्यांची सहा सुवर्णपदकें मुष्टियुद्ध, कुस्ती व होडी वल्हविणें यांत आलीं. होडीच्या शर्यतींत जिंकलेली सिल्वी साइमो ही बाई कारेलियाहून निघून आलेल्यांपैकीं होती व शेतकाम करीत असे. पुढें ती पार्लमेंटांतहि निवडून गेली.

याच ठिकाणीं, २३ जुलै रोजीं, आपल्या सातारा जिल्ह्यांतील गोळेश्वर गांवच्या खाशाबा जाधवांनीं कुस्तींत कांस्यपदक मिळविलें. स्वतंत्र हिंदुस्थानास एकट्या खेळाडूनें मिळवून दिलेलें तें पहिलेंच पदक. त्यांच्या प्रवासखर्चासाठीं कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनीं आपलें घर गहाण ठेविलें होतें, असें सांगतात. मातीच्या आखाड्यांत वाढलेल्या मल्लास तेथें गादीवर लढावें लागलें, हेंहि विसरूं नये. आपल्या हॉकीच्या संघानें अंतिम सामन्यांत हॉलंडचा ६-१ असा पराभव केला व त्यांतले पांच गोल एकट्या बलबीरसिंगांनीं केले. तें सर्वांस ठाऊकच आहे.

कलेविषयीं थोडक्यांत सांगतां येईल. आल्वार आल्टो या शिल्पज्ञानें वीपुरींत बांधलेलें सुंदर ग्रंथालय सरहद्दीपलीकडे गेलें होतें. १९५२ सालीं त्याचें साइनात्सालो या लहानशा गांवचें नगरभवन पुरें झालें. तें साध्या लाल विटांचें आहे. तरी घरें बांधण्याची विद्या शिकणारे लोक तें पाहावयास अजून दूरदूरहून जातात. ‘पांढरें रेनडियर’ या अर्थाचें नांव असलेला चित्रपट त्याच जुलैंत दाखविला गेला व पुढील वर्षीं कान येथें गौरविला गेला. तोवे यान्सन हिनें ‘मूमिन’ नांवाच्या कल्पित प्राण्यांचें नवें चित्रमय पुस्तक मुलांसाठीं याच वर्षीं काढलें. आर्मी कूसेला ही १७ वर्षांची मुलगी अमेरिकेंत विश्वसुंदरी ठरली, याचा तेथील वर्तमानपत्रांस खंडणीच्या बातमीपेक्षां अधिक आनंद झाला असल्यास नवल नाहीं. सामन्यांच्या गर्दींत लवकर देतां यावें म्हणून बाटलींत तयार भरलेलें एक मद्यमिश्रित पेयहि तेव्हां निघालें, व तें आजतागायत टिकून आहे. त्याची स्तुति करण्याचें स्थळ हें नव्हे. मात्र पाहुण्यांसाठीं एवढी तयारी करणाऱ्या या देशांत कॉफी अजून शिध्याच्या चिठ्ठीवरच मिळत होती; तें बंधन १९५४ सालीं उठलें.

पोर्कला रशियानें १९५६ च्या जानेवारींत परत केलें. तेव्हां कोठें हेलसिंकीहून पश्चिमेस जाणाऱ्या गाडीच्या खिडक्या वाटेंत झांकावयाचें बंद झालें.