मेरियन चेस आणि नृत्योपचाराची सुरुवात
डेनिशॉन या अमेरिकी नृत्यसंस्थेत घडलेल्या मेरियन चेस यांनी १९४२ साली, म्हणजे मनोविकारांवर क्लोरप्रोमाझीनसारखी औषधे यायला अजून दशकभराचा अवकाश असताना, वॉशिंग्टनमधील सेंट एलिझाबेथ्स रुग्णालयात, संवाद तुटलेल्या रुग्णांसोबत नृत्याद्वारे काम सुरू केले. रुग्णाच्या हालचालीतील लय आणि ताण स्वतःच्या शरीरात उतरवून त्याला प्रतिसाद देण्याच्या त्यांच्या तंत्रास 'प्रतिबिंबन' म्हणतात. ही हुबेहूब नक्कल नव्हे (नकलेने रुग्ण दुखावण्याचाच संभव अधिक), तर त्याची मनःस्थिती उमगल्याची शब्दांवाचून दिलेली पोच होय. नृत्यकौशल्याला येथे महत्त्व नसते, ही बाब या पद्धतीच्या चर्चेत फार वेळा निसटते. १९६६ साली स्थापन झालेल्या अमेरिकन डान्स थेरपी असोसिएशनच्या पहिल्या अध्यक्षा चेसच होत्या.