ओल्या शर्टाचे पृष्ठफळ

"साहेब, औषध तोंडात गेलंच नाही. मग चढलं कसं?" फवारणीच्या दिवसांत आमच्या वॉर्डात हा प्रश्न हमखास ऐकू येतो. विचारणारा बहुधा मजूर असतो. पाठीवरचा पंप गळत होता, शर्ट दुपारपर्यंत ओलाच होता, एवढे तो सांगतो. उत्तर शाळेतल्या भूमितीत आहे.

वृत्तचितीचे वक्रपृष्ठफळ म्हणजे घेर गुणिले लांबी. आपला हात जवळपास वृत्तचितीच आहे. खांद्यापासून बोटांपर्यंत 67 सेंमी लांबी आणि सरासरी 20 सेंमी घेर धरला, तर 1340 चौरस सेंमी त्वचा भरते. अख्ख्या शरीरासाठी डॉक्टर सोपे सूत्र वापरतात: सेंमीमधील उंचीला किलोतील वजनाने गुणायचे, 3600 ने भागायचे आणि वर्गमूळ काढायचे. 160 सेंमी उंच, 50 किलोच्या मजुराचे उत्तर येते सुमारे 1.49 चौरस मीटर, म्हणजे 16 चौरस फूट.

भाजलेल्या रुग्णासाठी आम्ही 'नवाचा नियम' लावतो. डोके 9 टक्के, प्रत्येक हात 9, प्रत्येक पाय 18, धडाची पुढची बाजू 18, मागची 18 आणि उरलेला 1 टक्का जांघेचा. वरच्या हाताचा हिशेब या नियमाशी जुळतो. रुग्णाचा बोटांसह तळहात साधारण 1 टक्का. म्हणजे पंपाने भिजलेली पूर्ण पाठ ही अठरा तळहातांएवढी, जवळपास तीन चौरस फूट त्वचा झाली. तिच्यावर ओले कापड तासन् तास चिकटून राहते. शिवाय सगळी त्वचा सारखी नसते. जांघेतली त्वचा हातावरच्या त्वचेपेक्षा कितीतरी पट अधिक शोषते. पँट भिजली की धोका वाढतो.

2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्याने याची किंमत मोजली. पऱ्हाटी डोक्याएवढी वाढली होती, फवारा वर उडवावा लागत होता आणि तो अंगावर, चेहऱ्यावर, श्वासात येत होता. अनेक ठिकाणी कीटकनाशके एकमेकांत मिसळली जात होती. वीसहून अधिक जण दगावले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले.

लहान मुलांना धोका अधिक, तोही भूमितीमुळेच. घनाची बाजू निम्मी केली तर पृष्ठफळ चौथाई होते, पण घनफळ एक अष्टमांश. दहा किलोच्या, 80 सेंमी उंचीच्या बाळाची त्वचा 0.47 चौरस मीटर असते. दर किलो वजनामागे ती त्या मजुराच्या दीडपट भरते. म्हणून फवारणीचे कपडे अंगावर असताना लेकराला कडेवर घेऊ नका. ते कपडे वेगळे धुवा.

गळका पंप पाठीवर चढवू नका. वाऱ्याच्या दिशेला पाठ ठेवून फवारा. पूर्ण बाह्यांचे कपडे, हातमोजे, चष्मा आणि मास्क वापरा. कपडा भिजला तर संध्याकाळची वाट न पाहता लगेच काढा, अंग साबणाने व भरपूर पाण्याने धुवा. मळमळ, घाम, लाळ, डोळ्यांपुढे अंधुक दिसणे किंवा दम लागणे सुरू झाले, तर 108 ला फोन करा आणि औषधाचा डबा किंवा त्यावरचे लेबल सोबत आणा. कोणते विष हे कळले की उपचाराची दिशा लवकर ठरते.

औषध तोंडात गेले नाही, हे खरेच. पण सोळा चौरस फुटांचे दार उघडेच होते.